कुत्र्याची शी कुणी उचलायची? सोसायटीच्या सेक्रेटरींना एका पशुवैद्याचं उत्तर

पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: सात इमारती आहेत, पंचवीस-तीस पाळीव कुत्री आहेत. बागेत, पार्किंगमध्ये, कधी कधी जिन्यातसुद्धा घाण असते. पाट्या लावून झाल्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून झाले, त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणंही बंद झालं. आता वार्षिक सभेत ‘कुत्र्यांना लिफ्ट आणि बाग बंद, घाण केल्यास हजार रुपये दंड’ असा ठराव आणायचा घाट आहे. कुत्रेवाले कोर्टाची भाषा करतात. काय करावं?

तुमचा ठराव सभेत बहुधा पासही होईल, पण टिकणार नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमत असलं तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, कुत्रेवाल्यांकडून जास्तीचे पैसे घेता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. बागेच्या वेळा एकत्र बसून ठरवता येतात, पण बाग सरसकट बंद करता येत नाही. शी उचलण्याबद्दल सोसायटी विनंती करू शकते. मात्र तसा केंद्राचा किंवा राज्याचा कायदा नसेल तर स्वतःच्या अधिकारात दंड लावू शकत नाही, असंही त्या सूचना म्हणतात. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये अपार्टमेंटच्या नियमावलीतली प्राणीबंदी बेकायदा ठरवली. रस्त्यावरच्या घाणीसाठी दंड करणं हे महापालिकेचं काम. मुंबईत 2006 च्या स्वच्छता उपविधींमध्ये पाळीव प्राण्याच्या घाणीसाठी 500 रुपये दंड ठेवलेला होता. तुमच्याकडे नेमकं काय लागू आहे ते क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना विचारा. त्यांना एकदा सोसायटीत बोलावलंत तर आणखी बरं. त्यांच्या तोंडून ऐकलेलं लोक घेतात, तुमच्या तोंडून ऐकलेलं राजकारण वाटतं.

कायद्याचं एवढं पुरे. आता माझ्या कामाचं.

आठवडाभर एक करा. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि रात्री दहा ते साडेअकरा गेटपाशी बसा आणि कुत्रं कोण घेऊन निघतं तेवढं बघा. कुत्र्याकडे बघू नका, पट्टा कुणाच्या हातात आहे ते बघा. अनेक घरांत तो मालकाच्या हातात नसतो. कुठे घरकामाच्या मावशी, कुठे महिना ठरवलेला ‘डॉग वॉकर’ मुलगा, कुठे गुडघे दुखणारे आजोबा, कुठे बारावीतली मुलगी. मुलगा एका वेळी तीन कुत्री नेतो, त्याच्या हातात तीन पट्टे. पिशवी त्याला कुणी दिलेली नाही आणि शी उचलायचे पैसे ठरलेले नाहीत. मावशींना तर सरळ सांगितलेलं असतं, ‘जरा खाली फिरवून आणा.’ त्या फिरवून आणतात. ग्रुपवर ज्या साहेबांना तुम्ही शिव्या घालता त्यांनी कुत्र्याची शी गेल्या वर्षभरात पाहिलेलीही नसते.

म्हणून पहिलं बोलणं घरमालकाशी करा आणि ते पैशाचं करा. फिरवणाऱ्याशी ठरवताना ‘शी उचलणं धरून’ असं ठरवायचं. दोनपेक्षा जास्त कुत्री एका वेळी न्यायची नाहीत. पिशव्या मालकाने पुरवायच्या आणि पट्ट्याच्या मुठीलाच बांधून ठेवायच्या. आजोबांना वाकता येत नसेल तर लांब दांड्याचं सुपलं-खराटं मिळतं. तेही नको असेल तर फिरवायला दुसरं कुणी हवं. कुत्रं पाळायचं आणि त्याची शी हा दुसऱ्या कुणाचा तरी विषय, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. महागडं पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढणारा माणूस ‘मी उचलू?’ असं विचारतो. त्या ‘मी’मध्ये काय दडलंय ते तुम्हाला-मला चांगलं ठाऊक आहे. शेवटी ती उचलतं कोण? सकाळी झाडायला येणाऱ्या ताई. नाहीतर ओल्या कचऱ्याची बादली हाताने चाळणारी कचरावेचक. पिशवीत बांधलेली शी भाजीच्या देठांत टाकून दिली की ती तिच्या बोटांना लागते. सभेत बोलायचं तर हे बोला. ‘सोसायटीची शोभा’ हा मुद्दा कुणाच्या मनाला लागत नाही, हा लागतो.

आता उचलायची कशी, ते नीट सांगतो, कारण अर्ध्या लोकांना ते खरंच माहीत नसतं. कुत्रं बसण्याआधी खूण देतं. नाक जमिनीला लावतं, चाल मंदावते, एकाच जागी दोन-तीन घिरट्या घालतं, पाठीची कमान करतं. त्या क्षणी वर्तमानपत्राचं दुमडलेलं पान मागून खाली सरकवायचं. घाई करायची नाही, नाहीतर कुत्रं बिचकून उठतं आणि पुढे जाऊन बसतं. दोन-चार दिवसांत त्याला कागदाची सवय होते. शी जमिनीला लागतच नाही, कागदाची पुडी होते. पान सरकवायची वेळ चुकली तर पिशवी हातमोज्यासारखी उलटी घालून उचलायची आणि तशीच उलटवून गाठ मारायची. घरी आल्यावर शी संडासात टाकून पाणी सोडा, कागद आणि पिशवी कधीच नाही, ड्रेनेज तुंबतं. ते जमत नसेल तर पुडी वेगळी बांधून, सॅनिटरी कचरा जसा वेगळा देतो तशी वेगळी द्या, आणि कचरा नेणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा. पिशवीत बांधून झाडाच्या बुंध्याशी ठेवून जाणारेही असतात. त्यापेक्षा शी उघडी टाकलेली परवडली, निदान तिची कधीतरी माती होते.

‘डॉक्टर, पातळ असते, उचलणार कशी?’ हे मला नेहमी ऐकू येतं, आणि ही तक्रार खरी आहे. घट्ट शी उचलायला पाच सेकंद लागतात, पातळ शी उचलताच येत नाही, मग चांगला माणूससुद्धा इकडे-तिकडे बघून पुढे सरकतो. पण रोज पातळ शी होणं म्हणजे कुत्र्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. आपल्याकडे त्याचं सर्वांत साधं कारण दूध-पोळी. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. लहानपणी पाजलं म्हणून आपण जन्मभर पाजत राहतो. त्यात भर म्हणजे उरलेल्या रश्शाची वाटी, चहात बुडवलेलं बिस्किट, पाहुण्यांनी लाडाने टाकलेला फरसाण. दूध बंद करा, जेवण दिवसातून दोनदा आणि ठरल्या वेळी द्या, ताट अर्ध्या तासात उचला. तरी पातळच राहिली तर शीचा नमुना डबीत घालून दवाखान्यात आणा. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) निघतात, औषध असतं. शी बांधून होणारा कुत्रा ही सोसायटीच्या स्वच्छतेतली अर्धी लढाई आहे, असं मी म्हटलं की लोक हसतात. पण ते खरं आहे.

ठरल्या वेळी जेवण द्यायचं आणखी एक कारण. पोटात अन्न गेलं की आतडं हलायला लागतं. पिल्लांना खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत शी होते, मोठ्यांना थोडा जास्त वेळ लागतो. जेवण ठरलेलं असेल तर शीची वेळही ठरते आणि मग जागाही ठरवता येते. दिवसभर वाटी भरलेली असेल तर आतडं घड्याळाला जुमानत नाही.

एक सवय मात्र मालकच लावतात आणि मग कपाळाला हात लावतात. कुत्र्याने शी केली की लगेच घरी वळायचं. ऑफिसची घाई असते, ‘झाली ना, चला.’ कुत्रं यातून काय शिकतं? शी केली की फिरणं संपतं. मग ते रोखून धरतं, आणखी लांब ओढतं, आणि शेवटी कळ असह्य झाली की कुणाच्या तरी फाटकासमोर किंवा परत येताना लिफ्टच्या दारात बसतं. उलटं करा. खाली उतरल्यावर आधी ठरलेल्या जागी न्या, पट्टा आखूड धरून तिथेच दहा मिनिटं उभे राहा. बोलू नका, मोबाइल बघू नका. झाली की त्याच क्षणी शाबासकी आणि एक खाऊ, आणि मग फिरायला जा. फिरणं हे बक्षीस व्हायला हवं. पहिला आठवडा कंटाळवाणा जातो, त्यानंतर कुत्रं स्वतःच ओढत त्या जागी नेतं.

ती ‘ठरलेली जागा’ तुमच्या सोसायटीत आहे का? नसेल तर पाट्यांचा काही उपयोग नाही. ‘येथे कुत्र्यांना शी करण्यास मनाई आहे’ असं लिहिलेल्या पाट्यांनी भिंती भरलेल्या असतात आणि ‘येथे करावी’ अशी एकही पाटी नसते. मागच्या कंपाउंड भिंतीलगत आठ बाय दहा फुटांचा तुकडा पुरे होतो. मुलांच्या खेळण्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब हवा. वीतभर माती काढून खाली खडी, वर वाळू-माती, पाणी एका बाजूला जाईल इतका उतार. मध्ये एक लाकडाचा ओंडका उभा गाडा, नरांना पाय वर करायला काहीतरी लागतं. नाहीतर ते तुमच्या गाड्यांची चाकं वापरतात. एक नळ, पायाने उघडणाऱ्या झाकणाची एक बादली, आणि एक बल्ब. बल्ब विसरू नका. जिथे दिवा बंद असतो तिथे घाण सर्वांत जास्त सापडते, कारण रात्री साडेदहाला अंधारात कुणी बघत नाही आणि पायाखालचं दिसतही नाही. काही सोसायट्यांत नुसता मागचा बंद दिवा बदलल्यावर फरक पडलेला मी पाहिला आहे. सुरुवातीला तिथे एक-दोन कुत्र्यांची शी मुद्दाम राहू द्या, वासावरून बाकीच्यांना जागा कळते. पुढे रोज उचलायची, आणि वरची वाळू अधूनमधून बदलायची.

बागेतल्या हिरवळीवर किंवा कुंड्यांत ‘खत होईल’ म्हणून सोडून देणारे असतात. शेणाचं खत होतं, मग याचं का नाही, असं ते विचारतात. गाय गवत खाते, कुत्रं मांस-मासे खातं. त्याच्या शीत नत्र इतकं जास्त असतं की गवत करपतं. शिवाय तिच्यात माणसाला होऊ शकणारे जंत असतात. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यातही टाकू नका. खत पंचावन्न-साठ अंशांवर बरेच दिवस तापलं तर जंतांची अंडी मरतात. आपले खड्डे तेवढे तापत नाहीत आणि तेच खत आपण गच्चीवरच्या मेथीला घालतो.

जंतांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत. कुत्र्यांत गोलकृमी असतात. पिल्लाला ते आईच्या पोटातच मिळतात, म्हणून जवळपास प्रत्येक पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. शीतून त्यांची अंडी बाहेर पडतात. ताज्या शीतली ही अंडी लगेच कुणाला लागण करत नाहीत. ती मातीत पिकायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर शी दिसतही नाही, पावसाने वाहून गेलेली असते, पण अंडी त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मूल वाळूत खेळतं, हात तोंडात घालतं. क्वचित ती अळी माणसाच्या यकृतात किंवा डोळ्यात जाऊन बसते. म्हणून वेळेवर उचललेली शी जवळपास निरुपद्रवी आणि न उचललेली धोक्याची. आकडेकृमीचं गणित याहून वेगळं. ओल्या उबदार मातीत त्यांच्या अळ्या आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पावसाळ्यात बागेत अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या तळव्यावर लाल, नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ उठते. ती बऱ्याचदा नायटा समजून मलम लावत बसतात, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कुत्र्यांच्या बाजूनेही हेच खरं आहे. पार्वो नावाचा विषाणू शीतून पसरतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू तुमच्या बागेत हुंगत फिरलं की रक्ताच्या हगवणीने काही दिवसांत जाऊ शकतं. कुत्रेवाल्या सभासदांना हे सांगा. शेजाऱ्यासाठी नाही तर स्वतःच्या पिल्लासाठी तरी उचलतील.

म्हणून जंताचं औषध. पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग जन्मभर दर तीन महिन्यांनी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराची) लस पावसाळ्याआधी, कारण लेप्टो शीतून नाही, लघवीतून पसरतो, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्या माणसांनाही होतो. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा. त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतोच. हा परवाना बहुतेक लोक काढत नाहीत आणि तुमच्या कामाचा तोच आहे. सोसायटीने दरवर्षी एका रविवारी खालीच लसीकरण आणि परवान्याचा कॅम्प घ्यावा. कुत्र्याचं नाव, घर नंबर, लसीची तारीख, फिरवणाऱ्याचं नाव आणि फोन अशी वही वॉचमनच्या टेबलावर राहू द्या.

नोंदीचा उपयोग कसा होतो, याचा एक झकास किस्सा स्पेनमधल्या ब्रुनेते या गावचा आहे. माद्रिदजवळचं छोटं गाव. 2013 मध्ये तिथल्या नगरपालिकेने स्वयंसेवक नेमले. शी न उचलता जाणारा मालक दिसला की स्वयंसेवक सहज गप्पा मारायचा, ‘काय छान आहे हो, नाव काय याचं?’ कुत्र्याचं नाव आणि जात कळली की नोंदवहीतून पत्ता निघायचा. मग शी डब्यात भरून, ‘हरवलेली वस्तू’ असं लेबल लावून, नगरपालिकेच्या शिक्क्यासह घरपोच. गावातली घाण बरीच कमी झाली. डबे पाठवायची आयडिया तुम्ही घेऊ नका, आपल्याकडे त्याचा पोलीस केस होईल. पण नाव विचारण्यापुरता वेळ आणि सोबत नोंद, एवढं घेण्यासारखं आहे.

पॅरिसने उलटा मार्ग धरला होता. 1980 च्या दशकात शहराने कुत्र्यांची घाण ओढून घेणाऱ्या खास मोटरसायकली रस्त्यावर आणल्या. खर्च अफाट, आणि एकूण घाणीचा जेमतेम पाचवा भाग त्या उचलत. मालकांना मात्र ‘येईल ना गाडी’ अशी सोय झाली. वीसेक वर्षांनी त्या बंद करून शहराने दंडाकडे मोर्चा वळवला. तुमच्या सोसायटीत जादा सफाई कामगार ठेवून कुत्र्यांची घाण उचलायची सूचना कुणीतरी करणारच. त्यांना हे सांगा. न्यूयॉर्कने 1978 मध्ये ‘स्वतः उचला’ असा कायदा केला, तेव्हा लोक थट्टा करत होते. पोलीस काही प्रत्येक कुत्र्यामागे फिरत नव्हते. पण एकदा नियम सर्वांना माहीत झाला की रस्त्याने चालणारा कुणीही ‘अहो, राहिलं तुमचं’ म्हणू शकतो, आणि काम तेवढ्याने होतं.

त्यावरून ग्रुपवरच्या फोटोंकडे येतो. ते बंद करा. फोटोखाली कुणाचं नाव नसतं, त्यामुळे पंचवीस घरं एकाच वेळी दुखावतात आणि ज्याने केलं तो गप्प बसून मजा बघतो. सीसीटीव्हीत दिसलं तर फुटेज ग्रुपवर टाकू नका. त्या घरी जा, चहाला बसा, मोबाइलवर दाखवा. बहुतेक वेळा मालक ते पहिल्यांदाच बघत असतो आणि त्याला फिरवणाऱ्याचा राग येतो. राग फिरवणाऱ्यावर निघू नये एवढं बघा, पिशवी द्यायची जबाबदारी मालकाची होती. कुत्रेवाल्यांमधूनच दोघांना हे काम द्या. सेक्रेटरी दारात आला की नोटीस वाटते, ब्रूनोची आई आली की गप्पा होतात. हो, सोसायटीत माणसं आपल्याला ‘ब्रूनोची आई’ म्हणूनच ओळखतात, त्याचा फायदा घ्या.

भांडणाचं एक वेगळं मूळ बाल्कनीत आहे. पावसाळ्यात कुत्री बाहेर पडायला नाखूश असतात, दिवाळीत फटाक्यांमुळे तर पलंगाखालून निघतच नाहीत. मग बाल्कनीत उरकतं. मालक वरून पाइप मारतो, पाणी खालच्या बाल्कनीच्या छज्ज्यावरून थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर. मजला क्रमांक चार विरुद्ध मजला क्रमांक तीन. यावर तोडगा आहे. बाल्कनीत ट्रे ठेवा, तळाला वर्तमानपत्र, वर कृत्रिम गवताचा तुकडा किंवा थोडी माती. शी उचलून संडासात, कागद गुंडाळून कचऱ्यात, फरशी पोत्याने पुसायची, धुवायची नाही. पावसात खाली जाण्यासाठी कुत्र्याच्या जागेवर एक पत्रा टाका. पत्र्याखाली कोरडं राहिलं तर बरीच कुत्री उतरतात.

लिफ्टमधली लघवी हा वेगळा विषय. तिथे रागावण्याआधी वय विचारा. तीन महिन्यांचं पिल्लू फार वेळ रोखू शकत नाही, त्याला कडेवर उचलूनच लिफ्टने न्यावं. म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी गेलेली असू शकते, नसबंदी झालेल्या काही माद्यांना पुढे लघवी गळण्याचा त्रास होतो. दोन्हीवर औषधं आहेत. आणि तरणं, धडधाकट कुत्रं रोज लिफ्टमध्येच करत असेल तर त्याला सकाळी उशिरा नेलं जातंय. अर्धा तास लवकर उठणं हाच उपाय. लिफ्ट फिनाइलने पुसू नका. वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो, पण लघवीचा माग त्याने जात नाही, आणि मांजरांना ते विषारी असतं. आधी फडक्याने टिपा, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. एन्झाइमवाला क्लीनर मिळाला तर उत्तम. गोलकृमीच्या अंड्यांवर फिनाइलचा परिणाम होत नाही, म्हणून बागेत फिनाइल शिंपडणंही वाया.

आणि गेटवर टांगलेल्या त्या लाल पाण्याच्या बाटल्या! कुंकू घातलेल्या पाण्याला कुत्री भितात ही समजूत अख्ख्या महाराष्ट्रात आहे आणि त्याच बाटलीवर पाय वर करणारी कुत्री मी पाहिली आहेत. काढून टाका. डासांच्या अळ्या तेवढ्या होतात.

आता तुमच्या सभेत येणारा मोठा आक्षेप: ‘भटक्यांचं कोण उचलतं? आमच्याच मागे का लागता?’ यात तथ्य आहे, आणि पळवाटही आहे. बाहेरच्या रस्त्यावरची बरीच घाण भटक्या कुत्र्यांची असते. पण ज्या कंपाउंडमध्ये भटकी कुत्री शिरतच नाहीत तिथे सकाळी एक चक्कर मारा. तिथे जे दिसेल ते आपलं. भटक्यांसाठी वेगळा मार्ग आहे. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायची असतात आणि त्यांना खाऊ घालायची जागा-वेळ रहिवासी संघाने ठरवून द्यायची असते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही यावर बरंच रण माजलं. ऑगस्टमध्ये आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलायचा आदेश आला, मग तो बदलून नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडा, फक्त रेबीजची किंवा आक्रमक कुत्री सोडू नका, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत, असा आदेश झाला. तुमच्यापुरतं एवढंच करा: खाऊ घालणाऱ्यांना गेटसमोरची जागा सोडून कोपऱ्यातली एक जागा द्या. नसबंदी न झालेलं कुत्रं दिसलं की महापालिकेच्या पथकाला कळवा. भटक्या कुत्र्यांचा हिशेब पाळीव कुत्र्यांच्या खात्यात मांडू नका, नाहीतर दोन्ही राहतात.

नवीन कुत्रं घेणाऱ्या घरांशी आधीच बोलता आलं तर सर्वांत बरं. पुण्याच्या उन्हाळ्यात हस्कीसारखं बर्फाळ प्रदेशातलं कुत्रं घेणारे, दोघंही नोकरीला जाणारे आणि मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू आणणारे माझ्याकडे नित्य येतात. वर्षभरात हौस फिटते. मग कुत्रं वॉचमनच्या भरवशावर, आणि कधी एखाद्या रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिलेलं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार असं सोडून देणं गुन्हा आहे. ज्यांना खरंच हवं आहे त्यांना मी गावठी कुत्रं सुचवतो. आपली हवा त्याला मानवते, पोट चिवट असतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा शीसुद्धा घट्ट होते.

सभेच्या विषयपत्रिकेत मी हे लिहीन. दंड आणि बंदीचे दोन्ही ठराव मागे घ्यावेत. मागच्या भिंतीलगत कुत्र्यांची जागा करण्यासाठी आणि तिथल्या दिव्यासाठी खर्च मंजूर करावा. बागेत कुत्र्यांच्या वेळा सकाळी साडेसातच्या आत आणि रात्री नऊनंतर, त्याही कुत्रेवाल्यांशी बोलून, आणि पट्टा लावूनच. मुलांच्या वाळूच्या खड्ड्याला रात्री ताडपत्री. फिरवणाऱ्यांची नोंद. सफाईच्या ताईंना आणि कचरा नेणाऱ्यांना सभेला बोलवावं आणि त्यांनी दोन वाक्यं बोलावीत. त्या आल्या तर बाकीचा अर्धा विषय तिथेच मिटतो. सभा मार्च-एप्रिलमध्ये घ्या आणि जागेचं काम मेअखेर उरका. जूनमध्ये ओल्या मातीत चर खणायला गवंडी येत नाही, आणि घाणीच्या तक्रारी तर जूनमध्येच सुरू होतात.